मानाचा खान

“हणमंत ढेब्याचं घर? म्हंजी खानाचं का?” एसटी स्टँडवर गणू न्हाव्यानं पाहुण्यांना विचारलं, आणि माझं जमत आलेलं लग्न तिथंच निम्मं मोडलं.

उरलेलं निम्मं गणूनं पुढच्या वाक्यात मोडलं. “सरळ जावा, देवळापासनं डावीकडं. खानाचं घर शेंबडं पोरबी दाखवंल. म्हातारा आता पडत न्हाय, गुडघा गेलाय त्याचा. हल्ली पोरगा पडतो. झ्याक पडतो.”

पाहुणे म्हणजे सुभेदार पांडुरंगराव नलवडे, फौजेतून निवृत्त. पलीकडच्या तालुक्यात त्यांच्या मिशीला वेगळा रामराम घालावा लागतो असं लोक म्हणत. त्यांच्या धाकट्या मुलीला, शालनला, मी महिन्यापूर्वी पाहून आलो होतो. त्या दिवशी पोह्यांत मीठ नव्हतं. आमच्या बाजूच्या सगळ्यांनी बश्या हळूच खाली ठेवल्या, मी मात्र घाबरून आणखी मागून घेतले, आणि दारात उभी असलेली ती खुदकन हसली. त्या हसण्यापायी मी जन्मभर बिनमिठाचे पोहे खायला तयार होतो. दोन्हीकडून होकार झाला होता, फक्त सुभेदारांनी घर पाहायचं राहिलं होतं. आणि फौजेत तपासणी न कळवता करतात, म्हणून ते न कळवता आले.

ते आले तेव्हा आमचे आबा ओट्यावर बसून दाढी विंचरत होते. स्वतःची नव्हे, मांडीवर घेतलेली. बोकडाच्या केसांची, काळीभोर, छातीपर्यंत येणारी ती दाढी वर्षभर कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळून ठेवलेली असायची आणि लढाईचा दिवस जवळ आला की तिला ऊन दाखवावं लागायचं.

“हे काय?” सुभेदारांनी विचारलं.

“दाढी,” आबा म्हणाले. “या, बसा. हणमा, पानी आन रं.”

“कुणाची दाढी?”

“आमचीच की. माझ्या आज्यापासनं घरात हाय.”

सुभेदार बसले, पण पाण्याच्या तांब्याला त्यांनी हात लावला नाही. मी तो आणखी पुढे सरकवला. आबांना काही नाही. ते मोठ्या आनंदानं सांगू लागले, की अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी आमची हिरडवाडी वरच्या खिंडीतली लढाई लढते, सगळा गाव उतरतो, आणि त्यात खानाचा मान आमच्या घराकडे आहे.

“मान?” सुभेदार म्हणाले. “खान होण्याचा मान?”

“व्हय. मानाचा खान.”

बाहेरच्या माणसाला हे समजावणं अवघड जातं. आमच्या लढाईत खान होणं ही चैनीची गोष्ट आहे. खानाला बाजाराच्या गावाहून आणलेलं घोडं मिळतं, मखमली झगा मिळतो, आणि मरण्याआधी सावलीत बसून पोटभर मटण मिळतं. मावळ्यांना काय, तर भर उन्हात अनवाणी डोंगर चढायचा, घसा फुटेस्तोवर ओरडायचं आणि जिंकायचं. निम्मे मावळे वर पोहोचेपर्यंत लिंबू-सरबताच्या बादलीपाशी गळून पडलेले असतात. ‘हर हर महादेव’ची पहिली आरोळी रज्जाक मुलाण्याची, कारण गावात त्याच्याएवढा आवाज कुणाचा नाही आणि त्याच्या बापाचाही नव्हता. बाहेरून आलेले विचारतात, मुलाणी मावळा आणि ढेबे खान, हे कसं काय? रज्जाक म्हणतो, मी गावाच्या बाजूचा आहे, ह्यांचं ह्यांना विचारा.

आणि खानाला मारणारा? तिथं सगळा घोळ आहे. आमच्या पोवाड्यात त्याचं नावच नाही. ‘उठला मर्द, धावला मर्द, खानास भिडला मर्द’ एवढंच. मर्द कोण, कुणाचा, काही पत्ता नाही. त्यामुळे गावातली पाच घराणी तो आपलाच म्हणून सांगतात. कोंढाळकर, शिंगटे, मोरे, सगळ्यांकडे त्याची खरी तलवार आहे. त्यातली एक तर गवत कापायचा कोयता आहे हे लांबूनही कळतं. दसऱ्याला ह्या पाच तलवारी एकाच वेळी बाहेर निघतात आणि पुढे कुणाची असावी यावरून जी लढाई होते ती खिंडीतल्या लढाईपेक्षा खरी असते. शेवटी जुन्या लोकांनी तोड काढली, की त्या वर्षी ज्याचं सगळ्यात शेवटी लग्न झालं असेल त्यानं मर्द व्हायचं. आमच्या घरानं मात्र मर्दावर कधी हक्क सांगितला नाही. आमचे पूर्वज रांगेत उशिरा पोहोचले असावेत आणि खान तेवढा उरला असावा, अशी माझी लहानपणापासूनची समजूत होती.

सुभेदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते उभे राहिले.

“ढेबे, मी देशासाठी लढलेला माणूस आहे. माझा जावई दरवर्षी दाढी लावून आपल्याच लोकांच्या हातून मरणार आणि लोक शिट्ट्या मारणार, हे मला जमायचं नाही. माझ्या मुलीनं खानाची बायको म्हणवून घ्यायचं?”

“म्हनतात मायेनं,” आबा म्हणाले. “हिच्या आईला तर खानीन म्हनायचे.” आबा बोलता बोलता गडबडले की असं उलटसुलट बोलत, ‘ह्याच्या’ म्हणायचं तिथं ‘हिच्या’.

“लढाईच्या दिवशी मी शालनला घेऊन येतो. हा मावळ्यांत दिसला तर तिथंच टिळा लावू. खानाच्या घोड्यावर दिसला तर राम राम.”

ते गेले. पाण्याचा तांब्या तसाच भरलेला राहिला.

खरं सांगायचं तर मला ही अट फारशी जड वाटली नाही. घोडं आणि मटण सोडायचं, बदल्यात शालन. हा सौदा कोणताही शहाणा माणूस करील. शिवाय बबन कोंढाळकर खान व्हायला लहानपणापासून टपलेलाच होता. मी त्याच्या कानावर घातलं, तर त्यानं तिथल्या तिथं पडून दाखवलं, फार वाईट पडला, पण शिकला असता. आबांना मी रोज विचारायचो आणि आबा रोज “बघू” म्हणायचे. आबांचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’ हे आमच्या घरच्या म्हशीलाही ठाऊक होतं.

लढाईच्या सकाळी मी मावळ्याचं मुंडासं बांधून माजघरात आलो, तर आबा मखमली झगा अंगात चढवत होते. सुजलेला गुडघा धोतराखालून दिसत होता. समोर चिंचोक्याच्या खळीची वाटी होती. दाढी त्या खळीनंच चिकटवतात.

“आबा, हे काय चाललंय?”

“तू मावळा हो. मी पडतो.”

“घोड्यावरनं? ह्या गुडघ्यानं? बबन तयार आहे म्हटलं ना. त्याला देऊ की ह्या वर्षापुरता झगा.”

“कोंढाळकराच्यातल्या कुनी खान मारला न्हाय,” आबा म्हणाले.

मला वाटलं आबांचा उलटसुलट बोलण्याचा प्रकार असेल. “मारायचा नाही त्याला. मरायचंय.”

“त्येच म्हनतोय. ज्यानं मारला त्याच्याच घरानं मरायचं असतं.”

त्यांनी बोट खळीत बुडवलं, हनुवटीला लावलं आणि मग, जणू पेरणीचं बोलावं तसं, सांगितलं. मर्द आमचा होता. आमच्या घराचा मूळपुरुष. खिंडीत त्यानं खानाला गाठलं, पाडलं, आणि जवळ जाऊन पाहतो तर खान त्याच्याच वयाचा. दाढी नव्हतीच त्याला. दाढी पुढच्या लोकांनी चिकटवली, बघणाऱ्याला भ्या वाटावं म्हणून. जीव लगेच गेला नाही. आमचा माणूस त्याच्यापाशी बसून राहिला. खान काहीतरी सारखं सांगत होता, ते आमच्या माणसाला कळत नव्हतं, पण त्यातलं ‘अम्मा’ तेवढं कळलं. घरी आला तो जेवेना, झोपेना. गाव त्याच्यावर पोवाडा रचायला लागला तेव्हा तो म्हणाला, माझं नाव घालायचं नाही. आणि दरसाल ह्या दिवशी त्या पोराच्या जागी मी पडेन, माझ्यामागं माझं पोर पडेल.

“मारल्यालं सांगायचं न्हाय, मेल्यालं दावायचं,” आबा म्हणाले. “एवढाच आपला मान.”

मी खालीच बसलो. “हे खरं कशावरून?”

“माझ्या बापानं मला सांगितलं. त्याच्या बापानं त्याला.”

“पण त्या पाच घरांकडे तलवारी आहेत.”

“असू देत की. आपल्याकडं दाढी हाय.”

मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी उठून नाचायचाच बाकी राहिलो. सुभेदारांना मर्दाचा खरा वंशज जावई म्हणून मिळत होता. हे एक वाक्य त्यांच्या कानात सांगितलं की काम फत्ते. त्यांनी घोड्यासकट मला ओवाळलं असतं.

“आबा, त्यांना सांगून टाकू. एवढंच सांगायचं. बाकी कुणाला नाही.”

“सांग की. तोंड तुझं हाय.” आबांचा आवाज चढला नाही. “पन सांगितलंस की आपन सहावं घर झालो. मग उद्यापासनं आपनबी एक कोयता शोधायचा. आनि त्या पोरासाठी पडायला कुनी उरत न्हाय.”

मला आबांचा राग आला. मर्दाचाही आला. मारलंस तर मारलंस, निवांत फुशारकी मारायची आणि पोरानातवंडांना सुखानं लग्नं करू द्यायची, तर हे कसलं लचांड मागे ठेवून गेलास? मी बराच वेळ धुसफुसत उभा राहिलो. आबा एका हातानं भिंत धरून उठायला लागले, त्यांचा गुडघा मुडपला आणि ते पुन्हा खाली बसले. त्यांनी पुन्हा भिंतीला हात लावला. मी त्यांच्या अंगातला झगा काढून घेतला.

खिंडीखालच्या माळावर मांडव घातला होता आणि सरपंचांच्या शेजारच्या खुर्चीत सुभेदार इस्त्रीच्या कपड्यांत बसले होते. मागे बायकांत शालन. मावळ्यांच्या घोळक्यात ते मला शोधत होते, मान उंचावून, चेहरा न् चेहरा तपासत. मी घोडं घेऊन त्यांच्या बाजूनं आलो तेव्हा त्यांनी आधी मला ओळखलंच नाही. मग ओळखलं. त्यांचा चेहरा पाहून माझ्या हातातला लगाम सैल झाला.

मी घोड्यावरून उतरून त्यांच्यासमोर उभा राहिलो. वाक्य अगदी जिभेवर होतं. मर्द आमचा होता, एवढंच. सरपंचांनासुद्धा ऐकू गेलं नसतं. सुभेदार वाट पाहत होते. त्यांनाही मी काहीतरी बोलावं असं वाटत असावं, कारण ते जागचे हलले नाहीत.

“राम राम,” मी म्हणालो.

“राम राम,” ते म्हणाले, आणि त्यांनी तोंड फिरवलं.

मी वळलो तशी मागून शालन हलक्या आवाजात म्हणाली, “दाढी वाकडी झालीय.” मी ती सरळ केली. मला रडू येत होतं आणि खळ ओली होत होती, त्यामुळे ती पुन्हा वाकडी झाली.

लढाई नेहमीसारखीच झाली. रज्जाकनं आरोळी दिली तसं घोडं बिथरलं आणि मोऱ्यांच्या वांग्यांच्या वाफ्यात घुसलं. त्याला परत आणेपर्यंत दोन्ही सैन्यं बसून राहिली. त्या वर्षीचा मर्द होता दत्तू शिंगटे, ताजा नवरदेव, हळद अजून कानामागे होती. त्याला घोड्याची इतकी भीती की तो लांबूनच तलवार हलवत ओरडायला लागला, “खाना, उतर की लेका, मी जवळ येत न्हाय.” लोक हसून हसून लोळले. मी उतरलो. त्याला जवळ बोलावलं. त्यानं डोळे मिटून वार केला तो झग्याला लागलाही नाही, पण मी पडलो.

दरवर्षी मी पडताना खूप करायचो. गिरक्या घ्यायचो, छाती बडवायचो, एकदा मरता मरता दत्तूच्या थोरल्या भावाला शिवी दिली होती, ती लोकांना फार आवडली होती. गणू न्हावी त्यालाच झ्याक पडणं म्हणायचा. त्या दिवशी नुसता पडलो. शिट्ट्या सुरू झाल्या आणि थोड्या वेळानं आपसूक थांबल्या. दगड तापलेले होते, पाठ भाजत होती. माझ्या वयाचा एक पोरगा इथंच कुठंतरी असाच पडला असणार आणि कुणाला न कळणाऱ्या बोलीत आईला हाका मारत असणार, हे मला पहिल्यांदाच कळत होतं. त्याच्यासाठी मला वाईट वाटलं, आणि शालनसाठीही, आणि कोणतं वाईट कुणासाठी वाटतंय हे निवडता येईना.

मेल्यावर खानानं आपण होऊन उठायचं नसतं. घरचं माणूस येऊन हात देईल तेव्हाच उठायचं, तोवर हलायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही. आमच्याकडे हात द्यायला आबाच, आणि आबांना तो चढ चढायला वेळ लागणार. लढाई संपली तशी दोन्ही सैन्यं जेवणाच्या पंगतीकडे पळाली. माझ्या नाकावर माशी बसली. मी तिला बसू दिली.

बऱ्याच वेळानं काठीचा आवाज आला. आबा धापा टाकत होते. त्यांच्याबरोबर आणखी पावलं होती, बुटांची.

“पाव्हनं, तुमी कशाला आला उन्हात? पंगत बसलीय.”

“हा उठला का नाही ते पाहायला आलो,” सुभेदारांचा आवाज आला. “बाकीचे मेलेले केव्हाच जेवायला गेले.”

“त्याला उठता येत न्हाय अजून.”

मग सुभेदार माझ्याजवळ उकिडवे बसले. पापण्यांच्या फटीतून मला त्यांची मिशी दिसत होती.

“ढेबे, एक विचारू? ह्याला मारला कुणी? दत्तूबित्तू सोडा. खरा.”

आबा आता तरी सांगतील, मी नाही सांगितलं पण ते सांगतील, पोराच्या लग्नासाठी एवढं तरी करतील, असं मला वाटलं.

“काय म्हाईत,” आबा म्हणाले. “पाच घरं म्हनतात आम्ही मारला. ज्यानं मारला त्यो काय बोलला न्हाय.”

“नाहीच बोलत,” सुभेदार म्हणाले.

ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलेलं नव्हतं. मग ते हळूहळू बोलू लागले, माझ्याकडे पाहत, आबांकडे नाही. “माझ्याही नावावर एक आहे. एकाहत्तर सालचा. हातातली बंदूक त्यानं खाली टाकली होती का उचलत होता, ते मला आजपर्यंत उलगडलेलं नाही. गावात माझा सत्कार झाला तेव्हा लोकांनी विचारलं, किती मारले? मी म्हणालो, मोजले नाहीत. मोजला होता. घरात कुणाला ठाऊक नाही. शालनच्या आईलाही नाही.”

आबांनी हुंकार भरला. त्यांनी सांत्वनाचं काही म्हटलं नाही, आणि मर्दाबद्दलही काही म्हटलं नाही. पण सुभेदारांनी वर मान करून आबांकडे पाहिलं ते बराच वेळ पाहिलं. काय कळायचं ते त्यांना तेव्हा कळलं असावं, कारण त्यानंतर आयुष्यात त्यांनी मला ह्या बाबतीत एकही प्रश्न विचारला नाही.

“त्याच्यासाठी असं कुणी पडत असेल का?” ते म्हणाले. “त्याच्या गावाला तर पत्ताही नसेल, कुणी मारला.”

“तुमी सांगा, आमी पडू,” आबा म्हणाले. “हितं जागा लई हाय.”

सुभेदारांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. घाम असेल. मग ते माझ्यावर वाकले, माझ्या नाकावरची माशी उडवली आणि आबांना म्हणाले, “ह्याला हात मी दिला तर चालेल का?”

“घरच्यानंच द्यायचा असतो, पाव्हनं.”

“म्हणूनच विचारतोय,” सुभेदार म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला.